हिलालचा राहिलेला राउंड

वरच्या, बर्फातल्या पोस्टवर जायचा हुकूम आमच्या बटालियनला एप्रिलमध्ये आला. ऑक्टोबरात चढायचं होतं. त्याआधी जेवढ्यांना जमेल तेवढ्यांना घरी जाऊन येऊ द्यावं, म्हणून कंपनी कमांडर साहेबांनी रजेच्या याद्या काढल्या. मला आणि लान्स नाईक हिलालला एकाच दिवशी वीस दिवसांची रजा मिळाली. ऐंशीच्या दशकातली ती शेवटची वर्षं. मी नाईक होतो, वय सव्वीस. हिलाल चोवीसचा. हिलाल, भटू ही आमच्या खानदेशातल्या हिंदू घरांतली नावं, आणि भटू म्हणजे मी.

हे मी आमच्या भागातल्या, फौजेत न गेलेल्या लोकांसाठी लिहितो आहे. हिलाल धुक्यात पाय घसरून गेला, असं गावात आजही सांगतात. ते मीच सांगितलेलं आहे. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं मी बरीच वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं.

माझं गाव नरडाणा स्टेशनपासून पाच मैलांवर. हिलालचं शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. आमची ओळख जळगावच्या भरतीत, छाती मोजायच्या रांगेत झाली. त्याने मागून विचारलं, "भाऊ, कोन गावना?" आणि पुढची सहा वर्षं आम्ही एका कंपनीत राहिलो. आमच्या सेक्शनमध्ये अहिराणी बोलणारे आम्ही दोघेच. बाकीच्यांना वाटायचं, आम्ही सांकेतिक भाषेत बोलतो.

बॉक्सिंग मी फौजेत जायच्या आधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे कुस्ती. ट्रेनिंग सेंटरला सुभेदार साहेबांनी रंगरूटांना वजनाप्रमाणे उभं केलं, हातात ग्लोव्हज घातले आणि म्हणाले, "दो मिनट. भागना मना है." मला समोरच्याने पहिल्याच ठोशात खाली बसवलं. उठलो तेव्हा मला हा खेळ आवडला होता. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. आज वाटतं, त्यात लपायला जागा नव्हती म्हणून.

पुढे मी कंपनीच्या टीममध्ये आलो. हिलालही आला. तो साठ किलोत, मी त्याच्या वरच्या वजनात. पहाटे पाचला दौड, मग दोरी, मग बॅग, मग स्पारिंग. चार वर्षं तो माझा स्पारिंग पार्टनर होता. त्याचा डावा खांदा हलला की मागून काय येणार, हे मला डोळे मिटून कळायचं. ब्रिगेडच्या स्पर्धा असल्या की आमची ड्युटी नसली तरी आम्ही मागच्या रांगेत उभे राहून सगळ्या बाउट पाहायचो. कँटीनमध्ये एक जुनं इंग्रजी मासिक होतं, त्यात बॉक्सरांचे फोटो होते. वाचता येत नव्हतं. हिलाल फोटो पाहून पाय कसे ठेवलेत ते खडूने फरशीवर काढायचा.

सुभेदार साहेबांचे नियम थोडे होते. एक असा: "जो गिरे, उसकी आँख देखो. आँख न मिले तो हाथ नीचे." नजर ठरत नसेल तर बाउट तिथेच संपली. मग चार आठवडे रिंग बंद आणि आधी एमओकडे, म्हणजे डॉक्टर साहेबांकडे, रिपोर्ट. हा नियम मला पाठ होता. मी नव्या मुलांना तो शिकवायचो.

रजेवर निघताना हिलालने स्टोअरमधून दोन जोड ग्लोव्हज सही करून घेतले.

"कसाले?" मी विचारलं.

"आबाले दखाडनं शे. तो म्हनस, तुम्ही फौजमा हात हालाडतस फक्त."

आबा म्हणजे त्याचे वडील, उखा आबा. आसपासच्या बारा गावांत कुस्त्यांचे पंच. तरुणपणी स्वतः मल्ल होते. त्यांच्या निकालावर कोणी बोलत नसे. त्यांचा कान मोडलेला होता आणि आवाज खूप हळू होता. पंचाला ओरडावं लागलं तर तो पंच नाही, असं ते म्हणत.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी त्यांच्या गावात कुस्त्या असत. मी नरडाण्याहून सकाळच्या एसटीने शिरपूरला आणि तिथून बैलगाडीने गेलो. ऊन असं होतं की तापलेल्या वाटेवर कुत्रं दिसेना. दुपारी साडेतीनला कुस्त्या सुरू झाल्या. एक तास चालल्या. मग हिलालने ग्लोव्हज आणले आणि लोक हसायला लागले.

"काय रे हिलाल, उश्या बांध्यात का हातले?" एक म्हातारा मल्ल म्हणाला.

"या उश्यामा झोप लागी जास, नाना," हिलाल म्हणाला.

आमचं आधी ठरलं होतं. तीन मिनिटांचे तीन राउंड, मध्ये एक मिनिट विसावा, हात हलके, फक्त दाखवायला. शाळेचे गुरुजी घड्याळ धरून बसले. घंटा म्हणून पितळी ताट आणि पळी. रिंग नव्हती, आखाड्याचा हौद होता. नांगरून, तेल-ताक घालून मऊ केलेली लाल माती. त्यात पाय घोट्यापर्यंत रुततात. कुस्तीला ते चांगलं. बॉक्सिंगमध्ये माणूस मार खाताना मागे सरकतो, म्हणून वाचतो. त्या मातीत सरकता येत नव्हतं. हे मला हौदात उतरल्याबरोबर कळलं. मी बोललो नाही.

पंच म्हणून मध्ये उखा आबा उभे राहिले. त्यांना आमचे नियम माहीत नव्हते. त्यांनी विचारलेही नाहीत.

पहिला राउंड ठरल्याप्रमाणे झाला. दुसऱ्यात हिलालने गावाला हसवायला म्हणून माझ्या नाकावर टिचकीसारखा डावा मारला. रक्त आलं. लोक हसले. कोणीतरी म्हणालं, "नरडाणावाला, टेसन तिकडे शे." हिलालही हसला.

मी त्याच्या डाव्या खांद्याकडे पाहिलं. तो हलला. मागून काय येणार ते मला ठाऊक होतं. मी आत शिरलो आणि उजवा हात पूर्ण सोडला. तो हात चुकून लागला असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. तो चुकून लागलेला नव्हता.

हिलाल तोंडावर पडला. हात पुढे न घेता, झाड पडावं तसा.

कोणी आकडे मोजले नाहीत. आमच्याकडे मोजत नाहीत. आमच्याकडे पाठ मातीला लागली का, एवढंच पाहतात. आणि त्याची पाठ वर होती. सगळा गाव ओरडला, "पाठ नही लागनी! पाठ नही लागनी!"

आबा खाली वाकले. हळू आवाजात म्हणाले, "ऊठ रे हिलाल. पाठ नही लागनी तुनी."

तो उठला. तोंडाला माती चिकटलेली. मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. डोळे उघडे होते आणि माझ्यावर नव्हते. माझ्या मागे, केळीच्या बागांच्या बाजूला, कोणीतरी उभं असावं असं तो पाहत होता.

आबांनी हात हलवला. "लागा."

मी हात खाली घ्यायला हवे होते. नियम मीच शिकवायचो. पण नाकातून रक्त येत होतं आणि गाव हसलं होतं. मी आणखी दोन मारले, एक डावा, एक उजवा. त्याने हात वर केले नाहीत. तो हसत होता. गुरुजींनी दुसरा राउंड संपल्याचं ताट वाजवलं. मी ग्लोव्हज काढले आणि जाहीर केलं, "बस. बरोबरीत सुटली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. हिलाल हौदाच्या कोपऱ्यात उभा राहिला. त्याला ओढून बाहेर काढावं लागलं.

बाहेर आल्यावर त्याने मला शांतपणे विचारलं, "भटू, आपली बाउट कव्हय शे?"

आपली बाउट कधी आहे, असं तो विचारत होता. मला वाटलं, थट्टा करतो आहे. दहा मिनिटांनी त्याने तेच विचारलं, त्याच शब्दांत, त्याच आवाजात. संध्याकाळी त्याला उलट्या झाल्या. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "ऊन लागनं त्याले."

पहिलं खोटं हे. मे महिन्यात आमच्याकडे ते कोणालाही पटतं. त्याला कैरीचं पन्हं दिलं, तळपायांना कांदा चोळला आणि झोपवलं.

पाचव्या दिवशी मी त्याला पाहायला परत गेलो. आबा म्हणाले, बरा आहे, बागेत पाणी धरायला गेला आहे. दुपारचे साडेबारा वाजले होते. केळीच्या बागेत उन्हाळ्यात दुपारी वारा नसला की एक प्रकारची शांतता असते. पानं फाटलेली, लोंबलेली, एकही हलत नाही. पाटाचं पाणी वाहतं, पण त्याचा आवाज येत नाही. मी ओळीमागून ओळ पाहत गेलो.

तो मधल्या मोकळ्या जागेत होता. दोन्ही हातांना क्रेप बँडेज गुंडाळलेली. एकटाच बॉक्सिंग करत होता. शॅडो बॉक्सिंग सगळेच करतात, त्यात विशेष नाही. पण तो समोर कोणीतरी असल्यासारखं करत नव्हता. समोर जो होता, त्याचा मार खात होता. मान बाजूला जायची, गुडघा वाकायचा. मग तो थांबला आणि बांधावर बसला. मग उठला. मी सवयीने घड्याळ पाहिलं. तीन मिनिटं. एक मिनिट विसावा. त्याच्याकडे घड्याळ नव्हतं. दुसराही राउंड तीन मिनिटांचा झाला. सेकंदाचा फरक नाही. मग तो बसला आणि उठलाच नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मान न वळवता म्हणाला, "तिसरा बाकी शे. तू कव्हय येस?"

मी आलो आहे हे त्याला कसं कळलं, मला माहीत नाही. मी मागे उभा होतो.

रजा संपली. नरडाण्याहून पॅसेंजरने जळगाव, तिथून पुढची गाडी. प्रवासात तो नेहमीसारखा होता. शेंगा खाल्ल्या, समोरच्या बाईचं गाठोडं वर ठेवून दिलं. युनिटमध्ये रजेवरून आलेल्यांची तपासणी असते. एमओ साहेबांनी त्याच्या डोळ्यात टॉर्च मारली आणि विचारलं, "छुट्टी में कोई चोट?" हिलाल माझ्याकडे पाहू लागला. मी सावधान उभा होतो. मी म्हणालो, "नो सर. लू लग गई थी." साहेबांनी तेच लिहिलं.

खरं सांगितलं असतं तर त्याची मेडिकल कॅटेगरी खाली आली असती. तो वर गेला नसता. माझ्यावर चौकशी बसली असती, स्ट्राइप, म्हणजे बाहीवरची नाईकीची फीत, गेली असती. मी स्ट्राइप वाचवली. याला दुसरं नाव नाही.

चार महिने काही झालं नाही. ड्युटी चोख. निशाणा चांगला. फक्त दुपारी साडेचार वाजले की तो हात चोळत बसायचा, मनगटापासून बोटांपर्यंत, पट्टी गुंडाळल्यासारखा. बाउटबद्दल परत बोलला नाही. मला वाटलं, विसरला.

ऑक्टोबरात आम्ही वर गेलो. आमची मुख्य पोस्ट आणि दोनशे मीटर पुढे दोन माणसांची ओपी, म्हणजे टेहळणीची जागा. मध्ये दोर बांधलेला. धुकं आलं की दोर धरून जायचं. डाव्या हाताला नाला होता, खोल.

त्या दिवशी ओपीवर हिलाल आणि एक शिपाई होता. पोस्टवर वायरलेस सेटला मी. १४०० वाजता धुकं उतरलं. १६१५ ला शिपाई दोर धरून चहा आणि जेवण न्यायला पोस्टवर आला. ओपीवर एकटं कोणी राहू नये असा नियम, पण जेवणासाठी सगळेच असं करायचे. १६३० ला, म्हणजे साडेचारला, मी रिपोर्ट मागितला.

"चार्ली टू, चार्ली टू, सिटरेप भेजो, ओवर."

उत्तर नाही. मग बटण दाबल्याचा आवाज आला. तिकडून कोणी बोललं नाही, पण बटण दाबलेलं होतं. श्वास ऐकू येत होता. बॉक्सर ठोसा मारताना नाकाने श्वास सोडतो, तसा तुटक. एक, दोन. एक, दोन. मी घड्याळ पाहिलं. का पाहिलं ते मला ठाऊक आहे. तीन मिनिटांनी श्वास थांबला. एक मिनिट काही नाही. मग पुन्हा तीन मिनिटं.

"चार्ली टू, जवाब दो. हिलाल, बोल रे. ओवर."

दुसऱ्यांदा थांबला. मग त्याचा आवाज आला, स्पष्ट, अजिबात घाई नसलेला.

"भटू, दोन व्हई ग्यात. तू येत नही ते मी येस."

"तिथेच थांब. जागा सोडू नको. ओवर."

सेट बंद झाला. पोस्टवरच्या सुभेदार साहेबांनी विचारलं, "क्या बोला?" मी म्हणालो, "साब, तबीयत ठीक नहीं लगती." आम्ही चौघे दोर धरून निघालो. ओपीवर पोचलो तेव्हा १६४८ झाले होते. रायफल भिंतीला नीट टेकवलेली. बर्फातले हातमोजे एकावर एक ठेवलेले. सेटचं बटण वर. आतून एकच पावलांची रांग निघाली होती. ती दोराकडे वळली नव्हती. ती पोस्टच्या दिशेने, माझ्या दिशेने, सरळ रेषेत गेली होती. मध्ये नाल्याचं वळण होतं.

१७५० ला तो सापडला. तोंडावर पडलेला. दोन्ही हातांना क्रेप बँडेज बांधलेली, अंगठ्यातून तीन वेढे, जशी मी त्याला बांधून द्यायचो तशी. त्या थंडीत उघड्या बोटांनी त्याने एवढं नीट कसं बांधलं, हे मला आजही कळत नाही.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. धुकं, कमी दृश्यता, पाय घसरला. मला विचारलं, आधीची काही दुखापत? मी म्हणालो, "नो सर."

अस्थी आणि पेटी घेऊन मलाच पाठवलं, एका भागातला म्हणून. जळगावला उतरलो, तिथून जीपने गावी. आबा अंगणात खाटेवर बसले होते. कलश त्यांनी दोन्ही हातांनी घेतला. मग त्यांनी एकच विचारलं.

"कसा पडना व्हता? पाठवर का पोटवर?"

"पोटवर, आबा."

ते मान हलवत राहिले. "मंग पाठ नही लागनी."

त्या वाक्यानंतर मी खरं सांगितलं नाही. सांगायचं तर त्यांनी त्याला उठवलं, तेही सांगावं लागलं असतं. म्हाताऱ्यावर ते ओझं नको म्हणून मी गप्प आहे, असं मी स्वतःला समजावलं. त्यात माझीच सोय होती.

आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात. पाण्याची नवी घागर, तिच्यावर खरबूज. आणि मेलेल्याच्या जागी एक ओळखीचा माणूस पितर म्हणून जेवायला बसवतात. तो जेवला म्हणजे गेलेला जेवला. पुढच्या आखाजीला आबांचं पत्र आलं, गुरुजींच्या अक्षरात: हिलालचा पितर म्हणून तू यावंस.

मी गेलो. पाटावर बसलो. माझ्या कपाळाला गंध लावलं. आबांनी ताट पुढे ठेवलं, खीर, सांजोरी, आमरस, आणि मला हात जोडून म्हणाले, "जेव, हिलाल."

ती पहिली वेळ धरून दहा वर्षांत रजा मिळेल तशी मी सात वेळा त्या पाटावर बसलो. ज्याला मी मारलं त्याच्या नावाने त्याच्या घरी जेवलो. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी कुस्त्या असायच्या. मी कधी थांबलो नाही. रिटायर झालो तो हवालदार म्हणून. बॉक्सिंग पाहणंही सोडलं होतं. टीव्हीवर लागलं तर घंटा व्हायच्या आत उठून जायचो.

आठव्या वेळी घास तोंडाशी नेला आणि खाली ठेवला. आबा समोर बसले होते. खूप थकले होते, दिसायचं कमी झालं होतं. मी पाटावरूनच सगळं सांगितलं. नाकाचं रक्त, सोडलेला हात, न ठरलेली नजर, नंतरचे दोन ठोसे. ऊन लागल्याचं खोटं. एमओ साहेब. केळीची बाग. सेटवरचा श्वास.  त्यांनी त्याला उठवलं, एवढं मी गाळलं.

ते त्यांनीच भरलं.

"मी पंच व्हतू," आबा म्हणाले. "चाळीस वरीस मी पडेल माणूसना डोया देख्यात. त्याना बी देख्यात. तो मनाकडे देखे, पन माले देखे नही. माले मालूम पडनं व्हतं, भटू."

"मग उठवला का, आबा?"

"गाव देखी ऱ्हायंतं," ते म्हणाले. "मना पोऱ्या व्हता."

पितळी तांब्यावर माशी बसली होती. त्यांनी ती हाताने उडवली. मी पाटावरून उठायला लागलो.

"बठ," ते म्हणाले. "जेवन व्हऊ दे."

"आता कसं जेवू, आबा?"

"ते ताट तुनं नही. त्यानं शे. त्याले उपाशी उठाडू नको."

मी बसलो. पूर्ण ताट जेवलो. ते समोर बसून राहिले, मी शेवटचा घास खाईपर्यंत. मग त्यांनी आत जाऊन पेटीतून दोन क्रेप बँडेज आणल्या. युनिटने पाठवलेल्या त्याच. धुऊन, घट्ट गुंडाळून ठेवलेल्या. त्यांनी त्या माझ्या हातात दिल्या आणि उद्याचं म्हणाले, "सकाय थांब."

दुसऱ्या दिवशी कुस्त्या संपल्या, लोक पांगले. साडेचार वाजले होते. आबांनी मला हौदात उतरवलं आणि स्वतः काठावर उभे राहिले. ते काय म्हणणार आहेत हे मला कळलं होतं. मी पट्ट्या बांधल्या. घोट्यापर्यंत मातीत उभा राहिलो. त्यांनी हळू आवाजात म्हटलं, "लागा."

मी हात खाली सोडले.

आबा त्यानंतर दोन वर्षांनी गेले. आता मी आखाजीला दोन घागरी भरतो, एक लान्स नाईक हिलालची, एक त्यांची. दुसऱ्या दिवशी साडेचारला त्या गावच्या हौदात उतरतो. घड्याळ काठावर ठेवतो. तीन मिनिटं हात खाली घेऊन उभा राहतो. त्या वेळी समोरची माती मी पाहत नाही. समोर पाहतो, जिथे त्याचे डोळे असतील तिथे. तीन मिनिटं होतात, ते मला घड्याळ न पाहता कळतं.